उतारा : स्वयंपाकघरातील औषध, तोडगा आणि थांबण्याची खूण

औषध आणि तोडगा यांच्यासाठी मराठीने क्रियापदे वेगळी ठेवलेली नाहीत. ताप उतरतो, विष उतरवतात आणि लेकरावरून मीठमोहऱ्याही उतरवतात. विषावर द्यायचा तो उतारा आणि तिन्हीसांजेला ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवायचा भाकरतुकडा तोही उताराच. फणस जास्त झाला तर बाधतो आणि भूतही बाधते. दृष्ट लागते तसे औषध लागू पडते. औषधाने गुण येतो आणि ते देणाऱ्या बाईच्या हातालाही गुण असतो. हा निव्वळ शब्दांचा योगायोग मानून पुढे जाता येत नाही, कारण ज्या घरांत ही भाषा घडली त्या घरांत सुंठेचा डबा आणि मोहरीचा डबा एकाच फळीवर होता, दोन्हींना हात लावणारी बाई एकच होती, आणि मूल किरकिर करू लागले म्हणजे तिने आधी पोट चाचपून बेंबीभोवती हिंग लावला काय किंवा आधी मीठमोहऱ्या घेतल्या काय, तिच्या लेखी त्या एकाच काळजीच्या दोन पायऱ्या होत्या.

तोडगा म्हणजे आजार, अडचण किंवा अनिष्ट टळावे म्हणून करायची लहानशी ठरावीक कृती, जिच्यामागचे कारण करणाऱ्याला सांगता आलेच पाहिजे असे नाही. आणि औषध म्हणजे ज्याच्या अंगच्या द्रव्यामुळे शरीरात काही फरक पडतो ते. युरोप-अमेरिकेत अलीकडे अशा घरगुती विधींना आणि काढ्यांना मिळून ‘किचन विचक्राफ्ट’ असे नाव हौसेने घेतले जाते. मराठीत त्याचा शब्द ‘चेटूक’ असा होईल, पण तो इतक्या सहज अंगावर घेता येणार नाही, कारण चेटूक, करणी, मूठ, भानामती या शब्दांनी इथे माणसांचे, विशेषतः बायकांचे, जीव गेलेले आहेत. शब्दांचा हा इतिहास लक्षात ठेवूनच या विषयाकडे पाहावे लागते. परंपरेचा गौरव करणारे म्हणतात की हे सारे प्राचीन शास्त्र आहे, आणि विवेकाचा आग्रह धरणारे पुष्कळदा म्हणतात की ही सारी अडाणी समजूत आहे. दोघेही बटव्यातील जिनसा मोजतात, पण ती बाई त्या जिनसा किती, केव्हा आणि कुठवर वापरीत असे, याकडे दोघांचेही दुर्लक्ष होते. या लेखाचे म्हणणे असे आहे की घरगुती उपचाराचे खरे ज्ञान त्या मापात, त्या वेळेत आणि थांबण्याच्या खुणेत साठलेले आहे, आणि ते हरवले की तेच हिरडे-बेहडे एक तर निरुपयोगी होतात किंवा घातक.

हे सहाणेवर सर्वांत स्पष्ट दिसते. ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग आता वापरून गुळगुळीत झाला आहे, म्हणून त्यात प्रत्यक्ष काय असे ते सांगणे बरे: बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळेच वाळलेले फळ, जे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे आजही वेचून विकतात, बेहडा, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, नागरमोथा, सागरगोटा, हळकुंड, आणि सोबतीला खारीक-बदाम. तान्ह्या मुलाची गुटी करायची म्हणजे सहाण स्वच्छ धुऊन तिच्यावर आईच्या दुधाचे किंवा उकळून निववलेल्या पाण्याचे चार थेंब घ्यायचे, एकेक मुळी उभी धरून दगडावर गोल फिरवायची, आणि प्रत्येकीचे वेढे मोजायचे. वेखंडाचा अर्धा वेढा, हिरड्याचा एक, बदामाचे त्याहून अधिक. पोट साफ होत नसेल तर हिरड्याचा वेढा वाढवायचा, मुरडा असेल तर मुरुडशेंगेचा, शी पातळ होत असेल तर जायफळाचा, आणि मूल फार झोपू लागले तर तेच जायफळ बंद ठेवायचे. मूल जसजसे महिन्याचे, दोन महिन्यांचे होई तसतसे वेढे वाढत, आणि शेवटी सहाणेवरचे ते पिवळसर गंध बोटाने निपटून बोंडल्यात घेतले जाई.

वेढा हे मापाचे एकक आहे, आणि ते दिसते त्याहून अधिक शहाणे आहे. तोळा, मासा किंवा गुंज यांच्या तराजूत न मावणारी मात्रा ते मोजते, ते शिकायला अक्षरओळख लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ते चुकीला आवर घालते. चूर्णाचा चमचा भरताना हात चुकला तर मात्रा दसपट होऊ शकते. वाळलेली मुळी दगडावर घासताना मात्रा दसपट व्हायची तर हात भरून यावा लागतो. दगडाचा खडबडीतपणा, मुळीचा कठीणपणा आणि बाईचे मनगट या तिघांनी मिळून जी मर्यादा घातली होती, तिला कुणी नियम म्हटले नाही, म्हणून ती ज्ञान म्हणून कुणी नोंदलीही नाही. वैद्यांच्या ग्रंथांत अनुपानाचा, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचे याचा, विचार तपशीलवार आहे, डॉ. वा. ग. देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रहा’सारख्या मराठी ग्रंथाने वनस्पतींचे गुण मोठ्या मेहनतीने एकत्र केले; पण स्वयंपाकघरातला वेढा बहुतांशी तोंडातून कानात असाच राहिला.

तरीही या वेढ्याच्या प्रेमापोटी गुटीची पाठराखण करता येत नाही, आणि इथेच परंपरेच्या अभिमान्यांशी स्पष्ट मतभेद नोंदवायला हवा. वेखंडात, विशेषतः त्याच्या भारतीय वाणात, बीटा-असारोन नावाचे द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्कजनक दिसल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये अशी शिफारस केलेली आहे, कारण सहाण, बोट, बोंडले आणि पाणी यांतून होणारा जंतूंचा शिरकाव हा कोणत्याही मुळीच्या गुणापेक्षा मोठा धोका ठरतो. आणि गुटीत मध घालण्याची अनेक घरांतली रीत तर वर्षाच्या आतील बाळाला बोटुलिझमसारखी स्नायूंना लुळे पाडणारी विषबाधा करू शकते. मोजण्याची शिस्त ज्या बाईने घालून दिली तिच्याच शिस्तीने मोजून पाहिले तर पहिल्या सहा महिन्यांतली गुटी थांबवणे योग्य ठरते. सहाण जपावी आणि गुटी सोडावी, यात विसंगती नाही.

दृष्ट काढण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पोटात काही जातच नाही. मूठभर खडेमीठ, चिमूटभर मोहरी, दोन-तीन सुक्या लाल मिरच्या, कुठे कुठे केरसुणीचे हीर किंवा मुलाच्या पायाखालची माती, एवढे मुठीत घेऊन मुलाला पूर्वेकडे तोंड करून बसवतात, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा किंवा सातदा ती मूठ उतरवतात, आणि ओठांतल्या ओठांत ज्यांची ज्यांची नजर लागली असेल त्या साऱ्यांना, आल्यागेल्यापासून घरच्यांपर्यंत, मोजून घेतात. मग मूठ चुलीत जाते. मोहरी फुटते, खड्यांच्या पोटात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन मीठ तडतडते, आणि मिरचीचा ठसका आला नाही तर दृष्ट फार कडक होती असे म्हणतात. हा निकष काही सिद्ध करू शकत नाही हे उघड आहे, कारण मिरची जुनी होती की जाळ मोठा होता यावरही ठसका ठरतो. दृष्टीने ताप येत नाही आणि मिठाने तो जात नाही, हे निःसंदिग्धपणे म्हटलेच पाहिजे.

पण त्या पाच मिनिटांत काय घडते तेही पाहावे. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असलेले मूल स्थिर बसवले जाते, घरातली जाणती बाई त्याच्या कपाळापासून तळपायापर्यंत डोळे फिरवते, अंग गरम आहे का ते तिच्या हाताला कळते, आईच्या मनातील धास्तीला बोलून मोकळे व्हायला जागा मिळते, आणि घरातल्या माणसांचाही हेवा मुलाला बाधू शकतो ही अवघड गोष्ट कुणाचे नाव न घेता उच्चारली जाते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कृतीला शेवट आहे. मूठ चुलीत पडली की दृष्टीचा विषय संपला. त्यानंतरही मूल रडत राहिले तर जाणत्या घरात ‘ही दृष्ट नव्हे’ असेच म्हणत आणि दुखण्याचा वेगळा विचार सुरू होई. जिथे हा शेवट शाबूत आहे तिथे दृष्ट काढणे हा मायेचा एक आकार आहे आणि त्याला औषधाच्या तराजूत घालण्याची गरज नाही. जिथे एका दृष्टीनंतर दुसरी, मग उतारा, मग गंडा, मग देवऋषी अशी साखळी सुरू होते आणि ताप तिसऱ्या दिवसावर जातो, तिथे तीच कृती मुलाच्या जिवावर उठते. फरक मिठात नाही, पुढच्या सकाळी काय होते यात आहे.

औषधाच्या बाजूला असलेल्या जिनसांपैकी काहींनी तर प्रयोगशाळेचा दरवाजा कधीच ओलांडलेला आहे. ओव्याचा तिखट वास ज्या थायमॉलमुळे येतो ते जंतुनाशक आहे, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी ते काढण्यासाठी भारतातला ओवा जर्मनीला जात असे, म्हणजे पोट दुखल्यावर ओवा चावून गरम पाणी पिणाऱ्या घरातलेच बी तिकडे औषधी कारखान्याचा कच्चा माल होते. दाढेत धरायच्या लवंगेतील युजेनॉल दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडबरोबर कालवून वापरतात. सुंठेने मळमळ कमी होते याला चांगला आधार आहे. पण या साऱ्यांत कोकणातल्या पेजेची बरोबरी कुणाला नाही. जुलाबाने शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात. आतड्याला साखर मिळाली की ती मिठालाही सोबत आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले, आणि १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे पाणी पाजून पटकीच्या साथीतील मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्याही खाली आणले. तांदळातील पिठूळ द्रव्य पोटात जाऊन साखरच होते, म्हणून तांदळावर आधारलेली जलसंजीवनी पटकीत उपयोगी ठरते असे पुढे दिसून आले. आजाऱ्याला मीठ घालून पातळ पेज देणाऱ्या बाईला हे तत्त्व माहीत नव्हते, पण पेजेत मीठ किती आणि पेज किती पातळ हे माहीत होते, आणि खारट झालेली पेज तिने आजाऱ्यासमोर ठेवली नसती. जुलाबात पाणी तोडायचे, उपाशी ठेवायचे, हीही घरगुती समजूतच होती आणि ती प्राणघातक होती, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. एकाच स्वयंपाकघरात ही दोन्ही मते नांदत, आणि म्हणून परंपरेला एकगठ्ठा होकार किंवा नकार देणे हे आळसाचे लक्षण आहे. प्रत्येक जिनसेची आणि प्रत्येक रीतीची झडती वेगळी घ्यावी लागते.

हे ज्ञान कुणाचे मानायचे, हा प्रश्न त्याहून बिकट आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्या संवादांत दोन विद्वान पुरुष बोलत असतात आणि अंतोनिया नावाची घरकाम करणारी मुलगी सांगितलेली वनस्पती किंवा फळ आणून समोर ठेवते. ती कोणत्या झाडाला हात घालायचा हे ओळखते, एवढे पानांवरून दिसते. तिला त्याविषयी काय वाटते, हे मात्र तिला कुणी विचारीत नाही. ओर्ता ज्यू वंशाचा होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायपीठाने, त्याची हाडे उकरून जाळली. याच धर्मन्यायपीठाने १७३६ मध्ये जो जाहीरनामा काढला त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी दारी तुळस लावू नये, इतकेच काय, बिनमिठाचा भात शिजवून मीठ मागाहून चवीपुरते घेण्याची हिंदूंची रीतही पाळू नये, असे बजावलेले होते. सत्ता स्वयंपाकघरात शिरते तेव्हा ती भाताच्या मिठापर्यंत जाते. तिथल्या लहानसहान कृतींत माणसांची ओळख आणि त्यांचे जग साठलेले असते, हे त्या दडपणाऱ्यांना त्या कृतींना ‘बायकी’ म्हणून हसणाऱ्यांपेक्षा अधिक कळले होते.

हळदीच्या पेटंटचा वाद याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे तेव्हाचे महासंचालक आणि मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने, त्याला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय आनंदाने सांगितला जातो आणि तो सांगावाच, पण तो कशाच्या बळावर मिळाला हे सहसा सांगितले जात नाही. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे एवढ्याने पुरावा होत नसे. ती छापील असावी लागे. म्हणून कापल्या बोटावर चिमूटभर हळद दाबणाऱ्या कोट्यवधी बायकांचा हात तिथे साक्षीदार होऊ शकला नाही, आणि जुने ग्रंथ व भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ चा एक लेख यांसारखे तीसहून अधिक कागद पुढे करावे लागले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे करण्याचे काम सुरू झाले, त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी ग्रंथांतील योग, म्हणजे औषधांच्या कृती, नोंदल्या गेल्या. पण ते मुख्यतः ग्रंथांचे ग्रंथालय आहे. वेढा त्यात नाही.

ग्रंथात नसलेले ज्ञान ज्या बायकांकडे होते त्यांना त्याचा मान मिळाला का, याचे उत्तर सरळ नाही. जुन्या सोवळ्या घरांत हळदीकुंकवाला, ओटीला, औक्षणाला जिला बोलावीत नसत त्या विधवा आजीच्याच हाती पुष्कळदा औषधांचा बटवा असे. बाळंतिणीच्या पाचव्या दिवशी सटवाईच्या नावाने पाटा-वरवंटा पुजला जातो, आणि बारशाला तोच वरवंटा बाळासारखा सजवून पाळण्याखालून-वरून दिला-घेतला जातो. ज्या दगडावर औषध वाटायचे त्याला देवत्व मिळते, पण वाटणारीला मिळालेला मान तिच्या घरच्या आधारावर अवलंबून असतो. तो आधार सुटला की चित्र पालटते. सातपुड्यातील भिल्ल पाड्यांवर, नंदुरबारच्या बाजूला, एकट्या पडलेल्या, जमीन नावावर असलेल्या किंवा झाडपाला जाणणाऱ्या बाईवर डाकीण असल्याचा आळ घेऊन तिला मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आले आहेत. जिच्या हाताने गुण येतो तिच्या हाताने दुखणेही येऊ शकते, असा त्यामागचा तर्क आहे, आणि तो त्याच ‘हातगुण’ शब्दात दडलेला आहे. औषधाचा गुण द्रव्यात शोधण्याऐवजी बाईत शोधला की तिला देवी करायला आणि डाकीण ठरवायला सारखीच वाट मोकळी होते. म्हणून हळदीत काय आहे, ओव्यात काय आहे, हे तपासण्याचा आग्रह म्हणजे आजीचा अपमान असे मानणारे चुकतात. त्या तपासणीनेच तिच्यासारखीचा जीव वाचतो.

निरुपद्रवी घरगुती उपाय आणि घातक प्रकार यांमधली रेघ कायद्याने बऱ्यापैकी नेमकी ओढलेली आहे. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय यांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या नावातच औषध आणि जादू शेजारी बसले आहेत, आणि त्या कायद्याचा रोख घरातल्या उपायांवर नसून आक्षेपार्ह जाहिरातींवर आहे. महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षअखेरीस विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे, आणि एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचे जगणे मुश्किल करणे हाही गुन्हा आहे. घरात मीठमोहऱ्या उतरवणारी आई या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ‘रोखून’ या एका शब्दावर सगळा भर आहे.

तो भर किती योग्य आहे हे महाडच्या विंचवांनी दाखवले आहे. कोकणात विंचू उतरवणारे मांत्रिक पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्यांना यशही येत असे, कारण मोठ्या काळ्या विंचवाचे विष तुलनेने सौम्य असते आणि वेदना काही तासांत आपोआप ओसरते. लहान तांबड्या विंचवाच्या विषाने मात्र रक्तदाब आणि हृदयावरचा ताण इतका वाढतो की फुप्फुसांत पाणी होऊन माणूस, बहुधा मूल, दगावते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू उशाशी बसून पाहिले, एकेक लक्षण टिपले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वेळेत दिले तर मृत्यूचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास येते हे दाखवून दिले. अट एकच होती, रुग्ण लवकर पोहोचला पाहिजे. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेले तास हेच त्यानंतर विंचवापेक्षा मोठे विष ठरले. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापवलेल्या सळईने चटके देण्याचा ‘डंबा’ हा प्रकार तर विलंबाच्याही पलीकडे जातो. तिथे उपायच इजा आहे, आणि तो आपल्या संस्कृतीचा भाग आहे म्हणून त्याच्याबद्दल हळवे होण्याचे काही कारण नाही.

आजच्या शहरी घरांत चटके नाहीत आणि मांत्रिकही नाही, म्हणून तिथे धोका नाही असे समजणे चुकीचे ठरेल. तिथे बाटली आहे. २०२० च्या करोना साथीत काढ्यांना सरकारी शिफारशींचे बळ मिळाले, आणि तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांच्या जोडीला गुळवेल घरोघरी महिनोन्‌महिने घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीवर आक्षेप घेतले, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही असे म्हटले, आणि तो वाद गंभीरपणे घ्यावा असाच आहे, कारण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या वेली खरोखरच आहेत. परंतु त्या वादातही घरगुती शहाणपणाचा मुद्दा बाजूलाच राहिला: ताप आला तर चार दिवस काढा, उतरला की बंद, ही जी मर्यादा होती ती ‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दाने पुसून टाकली. निरोगी माणसाने अमुक इतके महिने रोज कडू काढा घ्यावा, असे जुन्या स्वयंपाकघरात सहसा कुणी म्हणत नसे. कडुनिंब रोज चघळायला नव्हता, गुढीपाडव्याला गुळाबरोबर खाण्यापुरता होता, आणि डिंकाचे लाडू थंडीपुरते व बाळंतिणीपुरते होते. वेळ ही मात्रेइतकीच औषधाचा भाग होती. शिवाय काष्ठौषधी, म्हणजे मुळ्या-पाल्याची औषधे, आणि रसौषधी, म्हणजे पारा व इतर धातूंची भस्मे घालून केलेली औषधे, हा वैद्यकातला भेद बटवा सांभाळणारी बाई बरोबर जाणत असे. हेमगर्भाची मात्रा ती अखेरच्या घटकेसाठी वेगळी बांधून ठेवीत असे. दुकानाच्या फळीवर हा भेद दिसेनासा होतो. बॉस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि परदेशी राहणाऱ्या कुटुंबांत आईच्या आठवणीने अशी पुडी घेतली जाते हे ध्यानात घेतले तर त्या आकड्याचे दुःख अधिक जाणवते. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य वेष्टनावरचे आहे. ज्या घरात बिब्बा होता, ज्याचे तेल अंगावर उतले तर फोड येतात, आणि ज्याच्यावरून आयत्या कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार आला, त्या घराला झाडपाल्याला अपाय नसतो असे कधीच वाटले नव्हते.

मग त्या मोजणाऱ्या हाताला आजच्या वैद्यकात जागा आहे का? गडचिरोलीत ती करून दाखवलेली आहे. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या बायकांकडून झाडांविषयी ऐकलेले ‘गोईण’ या पुस्तकात सांगणाऱ्यांच्या जगासकट मांडले, ही पहिली गोष्ट. आणि दुसरी अशी की डॉ. अभय बंग व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली, ३९ गावांत ती राबवून ४७ गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. त्याआधी, लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना, त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो वेढ्यासारखाच, मोजण्याचा होता. मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो, दोन महिन्यांखालील बाळात साठ आणि त्याहून मोठ्या तान्ह्यात पन्नास ही रेघ आहे. पण गावातल्या ज्या सुइणींच्या हातांत मुले जन्मत त्यांतील अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक लाकडी चौकट करण्यात आली, तिच्यात तारेत ओवलेले मणी आणि शेजारी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. सुईण मुलाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास मोजते आणि एक मणी सरकवते, पुन्हा दहा मोजते आणि पुढचा मणी सरकवते. वाळू संपण्याआधी रांगेतला शेवटचा, तांबडा मणी सरकवावा लागला, तर ते मूल दृष्टीने किंवा थंडीने धापावलेले नाही, त्याला न्यूमोनिया आहे, आणि त्याला औषध आत्ताच सुरू करायचे असते.